डिग्री कामाला लागली

नळदुर्गात मला 'फारमवाल्या मॅडम' म्हणतात, म्हणजे प्रवेशाचे फॉर्म भरून देणाऱ्या. नोकरीभर मी इथल्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं. बेडकाची पचनसंस्था फळ्यावर काढून काढून खांदा दुखायला लागला, पण बाजारात भेटलेल्या एकाही माणसानं आजवर मला बेडकाचं काही विचारलेलं नाही. विचारतात ते एवढंच, "मॅडम, पोरगं बारावी झालं, आता कुठं घालावं?"

हे काम माझ्याकडं आलं ते शेजारामुळं. कॉलेजात विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शन कक्ष असलाच पाहिजे असं प्राचार्यांना वरून कळवण्यात आलं. प्रयोगशाळेला लागून एक खोली होती, तिथं फुटक्या परीक्षानळ्या ठेवलेल्या असायच्या. त्या खोलीच्या सर्वांत जवळ मी बसायची. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, तुम्हीच बघा." परीक्षानळ्या बाहेर गेल्या, मी आत गेले, आणि दारावर पाटी लागली.

बाहेरच्या माणसाला वाटतं, यात काय असतं? गुण बघायचे, कॉलेज सांगायचं. तसं नाही. बारावीचा निकाल लागला की प्रवेशाच्या फेऱ्या सुरू होतात. मुलानं कॉलेजांची नावं आपल्या पसंतीच्या क्रमानं भरायची. वरचं नाव खाली गेलं, खालचं वर आलं, की चार वर्षं बदलतात. कधी कधी गावच बदलतं. मिळालेली जागा धरून ठेवायची की पुढच्या फेरीची वाट बघायची, हे दोन दिवसांत ठरवायचं असतं. आणि हे ठरवायचं असतं अशा घरांनी, ज्यांच्यातलं कुणी आधी कॉलेजची पायरी चढलेलं नसतं. त्यामुळं मला कॉलेजांपेक्षा घरं जास्त वाचावी लागली. मुलीला लांब पाठवतील का? आजोबांचं चालतं की मामाचं? वडील होय म्हणतात ते खरं होय की मॅडमसमोरचं होय? हे कळलं की अर्धं काम झालं.

गिऱ्हाइकं एकेक होती. तुळजापूरहून एक लॉजवाले मुलाला घेऊन आले. मंदिरात तो गोल चिंतामणी दगड आहे, त्यावर हात ठेवून मनात प्रश्न धरायचा, उजवीकडं फिरला तर होय, डावीकडं फिरला तर नाही. या गृहस्थांनी एकेका कॉलेजचं नाव घेऊन कौल लावला होता आणि पसंतीक्रम पक्का करूनच आणला होता. मी बघितलं तर पहिल्या नावाला मुलाचे गुण कुठंच पुरत नव्हते. तसं सांगितलं तर म्हणाले, "पर तो उजवीकडं फिरला ना, मॅडम!" मी म्हटलं, "काका, देवीचा कौल बरोबरच असणार. कॉलेज चांगलं आहे का, एवढंच तुम्ही विचारलंत. पोराला तिथं घेतील का, ते विचारायचं राहिलं." ते खरंच परत गेले आणि विचारून आले. मग माझा क्रम चालला.

दुसरे एक होते, अणदूरकडचे, मोठी बागायत. त्यांना घरात डॉक्टर पाहिजे होता. कसला, त्याचा आग्रह नव्हता. "माणसाचा जमंना तर आयुर्वेदाचा बघा, ती बी जमंना तर होमिपथीचा, आन् काहीच जमंना तर जनावराचा चालंल. पर गेटवर डॉक्टर म्हनून पाटी लागली पायजे." मुलगा शेजारी मान खाली घालून बसला होता. त्याला ट्रॅक्टरचं इंजिन खोलायला आवडायचं.

अशा गमती पुष्कळ आहेत, आणि या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडं तसंच काहीतरी मागितलं होतं. "तुमच्या हाताखालून गेलेल्या मुलांचं यश लिहा," म्हणाले. लिहायला बसले तर एकच मुलगी डोळ्यांसमोरून हलेना. तिचं यश मोठं आहे. मी आजवर भरलेल्या पसंतीक्रमांत तिच्याइतका नेमका क्रम दुसरा नसेल. म्हणून तिचंच लिहिते. तिचं आणि तिच्या घरच्यांचं नाव तेवढं बदललं आहे.

वैशाली माझ्या खोलीत आली ती वडिलांना घेऊन. लिंबाजी त्यांचं नाव. हैदराबाद रस्त्याला एका ढाब्याशेजारी त्यांचं ट्रकच्या पंक्चरचं दुकान होतं. चार पत्रे, एक कॉम्प्रेसर, बाहेर टायरांची उतरंड. हाताला काळं लागलेलं म्हणून ते खुर्चीवर बसेनात.

"बसा की, लिंबाजीभाऊ."

"न्हाय मॅडम, खुर्ची खराब व्हईल. म्या हितं बराय."

शेवटी मी स्वतः उभी राहिले, तेव्हा ते घाईघाईनं बसले. वैशालीचे बारावीचे गुण चांगले होते, सीईटीचेही चांगले होते. प्रत्येक मुलाला विचारायचे तो प्रश्न तिलाही विचारला, "तुला काय आवडतं?"

"नोकरी, मॅडम."

"अगं, नोकरी नंतर. विषय कुठला आवडतो?"

तिनं वडिलांकडं बघितलं. मग म्हणाली, "ज्यानं नोकरी लागते तो."

मला हसू आलं नाही. घरात धाकटा भाऊ दुसरीत, आई शेतमजुरीला, वडील रात्रंदिवस रस्त्यावर. आवड हा शब्द त्या घराच्या वाटेलाच आला नव्हता. मी तिला उलटंसुलटं विचारत राहिले, तेव्हा कळलं की वनस्पतींच्या भागात तिला पैकीच्या पैकी गुण पडतात, आणि आईबरोबर खुरपायला गेली की कुठल्या ओळीचं पीक पिवळं पडलंय ते आईच्या आधी हिच्या ध्यानात येतं. मी म्हटलं, "बी.एस्सी. ॲग्री कर. शेतीची पदवी."

लिंबाजी बघतच राहिले. "मॅडम, आमाला बांधाएवढी जमीन न्हाय. शेतीचं शिकून पोरगी नांगरनार कुनाचं?"

"नांगरणार नाही. सरकारात कृषी अधिकारी असतात, बँकेत शेतीचे अधिकारी असतात. त्या परीक्षा देता येतात. शेतकऱ्याला काय पेरायचं, कसं पेरायचं, ते ही सांगणार."

"म्हंजी," ते सावकाश म्हणाले, "पाटलाला बी ही सांगनार?"

"पाटलाला पण."

लिंबाजींचे वडील त्यांच्या गावच्या पाटलांकडं सालगडी होते. सालगडी म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. धम्म स्वीकारल्यावर घरानं गावकीची कामं सोडली, पण शेतातलं राबणं पोटासाठी सुटलं नाही. ते सोडून लिंबाजी रस्त्यावर आले आणि टायर खोलायला शिकले. त्या माणसाच्या तोंडावर त्या दिवशी जे उमटलं ते मी विसरू शकत नाही. ते हसले नाहीत. फक्त मुलीकडं वळून म्हणाले, "ह्येच घे."

प्रवेशाच्या गुणांत, ज्यांच्या घरी सातबारा आहे त्यांच्या मुलांना थोडं झुकतं माप होतं. वैशालीच्या घरी सातबारा नव्हता, त्यामुळं ते गुण नव्हते. तरी पहिल्या फेरीत जवळचं एक खासगी कॉलेज मिळालं. घरात आनंद. आई म्हणाली, रोज जाऊन-येऊन करंल, पोरगी डोळ्यापुढं राहील. माझा हिशेब वेगळा होता. मी सरकारी कॉलेज वर ठेवलं होतं, लांबचं. तिथं वसतिगृह होतं, प्रयोगाची शेतं होती, शिकवणारी माणसं होती. मागच्या वर्षांचे आकडे बघता दुसऱ्या फेरीत तिथं नंबर लागायला हवा होता. पण लागला नाही तर? हातातल्या खासगी कॉलेजच्या जागेचाही भरवसा राहिला नसता.

मी लिंबाजींना सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, गाडीचं टायर कुठवर चालंल ती म्या बघून सांगतो, डायवर इचारत न्हाय का म्हनून. तुमी सांगा, आमी थांबतो."

थांबलो. दुसऱ्या फेरीत सरकारी कॉलेज लागलं. त्या दिवशी लिंबाजींनी दुकान बंद ठेवलं, आणि पहिल्यांदा पांढरा सदरा घालून माझ्या घरी आले, पेढे घेऊन. सारखे हात बघत होते, स्वच्छ आहेत ना म्हणून.

पुढची चार वर्षं चांगली गेली. तेवढी चार तरी चांगली गेली असं मी आता म्हणते. वैशाली सुट्टीत आली की माझ्या परसात यायची. माझा कढीपत्ता कधी धरत नव्हता. तिनं माती बोटांत चुरगाळली, म्हणाली, "मॅडम, तुम्ही पाणी फार घालता." तिच्या बोलण्यात ठामपणा येत गेला. उभी राहायची ती सुद्धा वेगळी.

शेवटच्या वर्षी या मुलांना काही महिने खेड्यात राहून शेतकऱ्यांबरोबर काम करावं लागतं. मुलींना कृषीकन्या म्हणतात. वैशालीच्या गटाला आमच्याच तालुक्यातली गावं मिळाली आणि त्यांत तिचंही गाव आलं. पेरणीच्या आधी तिनं मारुतीच्या पारापाशी प्रात्यक्षिक ठेवलं. घरचं सोयाबीन बियाणं उगवेल की नाही हे कसं बघायचं? ओल्या पोत्यावर दाणे ओळीनं मांडायचे, पोतं गुंडाळून ठेवायचं, काही दिवसांनी उघडून किती दाण्यांना मोड आले ते मोजायचं. साधी गोष्ट आहे, पण लोक करत नाहीत आणि मग दुबार पेरतात. मी तिथं गेले होते. पंचवीस-तीस माणसं होती. लिंबाजी सगळ्यांच्या मागं, बैलगाडीला टेकून उभे.

पाटलांचा नातू पुढं बसला होता, तरणा माणूस. त्यानं विचारलं, "मॅडम, निम्मंच उगवलं तर काय करायचं?"

तिनं उत्तर दिलं, बियाणं वाढवा पण इतकंच, त्याच्या पुढं गेलात तर ते बियाणं पेरूच नका. त्यानं मान हलवली. कार्यक्रम पुढं गेला. लिंबाजी मात्र तिथंच अडकले होते. परतताना माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत चालत आले. मग म्हणाले, "त्येंच्या आज्यानं माज्या बापाला कवा नावानं हाक मारली न्हाय. 'ए' म्हनायचा. आज नातू पोरीला मॅडम म्हनला. ऐकलं न्हवं तुमी?"

"ऐकलं."

"लई झालं," ते म्हणाले. "आता मेलो तरी चालंल."

मी त्यांना रागावले. आता नोकरी लागायची आहे, मरता कशाला, म्हटलं.

वैशाली पहिल्या वर्गात पास झाली आणि स्पर्धा परीक्षांसाठी पुण्याला गेली. त्याही वाटेची माहिती तिला मीच काढून दिली होती. पुण्यात अशा मुलांच्या पेठाच्या पेठा आहेत. कॉटभर जागा, अभ्यासिकेत एक खुर्ची, खानावळीचा डबा. सकाळी खुर्चीवर बसायचं, रात्री उठायचं. पहिल्या वर्षी तिच्या पदाची जाहिरातच निघाली नाही. दुसऱ्या वर्षी निघाली, ती पूर्व परीक्षा पास झाली, मुख्य परीक्षेत थोडक्यात राहिली. मग जागा कमी झाल्या. मग परीक्षा पुढं गेली, नवी तारीख आली, तीही पुढं गेली. मग अभ्यासक्रम बदलला आणि जुनी पुस्तकं रद्दीत गेली. एकदा परीक्षा झाली, पेपर चांगले गेले, आणि निकाल कोर्टात अडकला. दर वेळी ती फोन करायची. आधी तिच्या आवाजात राग असायचा, मग नुसती माहिती असायची, आणि शेवटी शेवटी ती मलाच धीर द्यायची, "होईल मॅडम, तुम्ही काळजी करू नका."

मी शोधून बघितलं, चूक कुठं झाली. कॉलेज बरोबर होतं. शाखा बरोबर होती. थांबायचा निर्णय बरोबर होता. मुलगी मेहनती होती, बाप मागं उभा होता. एखादी चूक सापडली असती तर बरं झालं असतं. पुढच्या मुलाला मी सांगितलं असतं, बाबा, तेवढं करू नको. चूक नव्हती. सगळं बरोबर करून माणूस जिथं पोचायचा तिथं रस्ताच नव्हता.

तिकडं लिंबाजींचा धंदा बसत चालला होता. रस्ता चौपदरी झाला, वळण गावाबाहेरून गेलं, ढाब्यावर गाड्या थांबेनात. नव्या ट्रकना बिनट्यूबचे टायर आले. एक दिवस वैशालीनं पुण्यातली खुर्ची सोडली आणि घरी आली. मला तिनं कळवलं नाही. मी भाजी आणायला गेले तेव्हा ते कुणीतरी सांगितलं.

मी दुकानावर गेले. लिंबाजी कुठं माल आणायला गेले होते. वैशाली पत्र्याच्या सावलीत स्टुलावर बसली होती. घरी बसलं की येणारी-जाणारी बाई विचारते, लागली का गं नोकरी? म्हणून ती दिवसभर इथं येऊन बसायची. मला बघून उठली, स्टूल ओढणीनं पुसलं, खुर्ची खराब होईल म्हणणाऱ्या तिच्या बापासारखं.

"कसं चाललंय?" मी विचारलं. विचारू नये असा प्रश्न, पण दुसरा सुचला नाही.

"चांगलं चाललंय की मॅडम. डिग्री कामाला लागली."

"लागली? कुठं गं?"

"डिग्री लागली. मी नाही."

मग तिनं सांगितलं. खत-औषधाच्या दुकानाचा परवाना पाहिजे असेल तर शेती शिकलेला माणूस लागतो. बाजारात एकानं नवं दुकान काढलं, तो स्वतः तसला शिकलेला नाही. त्यानं वैशालीचं प्रमाणपत्र मागितलं. वर्षाला ठरावीक रक्कम देणार, परवाना तिच्या पदवीवर निघणार, आणि तिनं दुकानात यायची गरज नाही. प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत घालून भिंतीला लावलं आहे, देवाच्या फोटोशेजारी.

"अगं, पण मग तू तिथंच काम का नाही करत?"

ती हसली. "केलं ना. एक दिवस." तपासणीला अधिकारी येणार असं कळलं तेव्हा मालकानं मोटारसायकलवर माणूस पाठवला. तिनं चांगला ड्रेस घातला आणि गल्ल्यापाशी जाऊन बसली. अधिकाऱ्यानं दोन-चार प्रश्न विचारले, तिनं उत्तरं दिली. तो अधिकारी तिच्याच वयाचा होता, तिच्याच कॉलेजात तिच्या पुढच्या वर्गात शिकलेला. त्यानं ओळखलं. सही केली, गेला. तेवढ्यात एक शेतकरी सोयाबीनची पिवळी पडलेली पानं घेऊन आला, भारीतलं औषध द्या म्हणाला. "मी पानं बघितली, मॅडम. रोग काही नव्हता. रानात पाणी साचलं होतं. मी म्हटलं, काका, औषध नको, चर काढून पाणी बाहेर काढा, ओल बेताची होऊन वापसा आला की पीक आपोआप हिरवं होईल. ते बिचारे रिकाम्या हातानं गेले, खूश होऊन. मालक मला म्हणाले, ताई, तुम्ही हुशार आहात, पण उद्यापासून येऊ नका. बोलावीन तेव्हाच या."

हे सांगताना ती खरंच हसत होती. मला ते हसणं बघवेना. मी कॉम्प्रेसरकडं बघत राहिले.

तिथून मी तडक त्या दुकानात गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, पण अंगात राग होता. गल्ल्यावर मालक बसला होता. मी पायरीवरच थांबले, कारण तो माझाच विद्यार्थी निघाला. बारावीत दोनदा नापास झालेला, वर्गात मागच्या बाकावर बसणारा, स्वभावानं मुळीच वाईट नसलेला पोरगा. तो धावत बाहेर आला, वाकून पाया पडला.

"मॅडम! या, या. अरे, मॅडमला खुर्ची दे. चहा सांग."

वैशालीचं प्रमाणपत्र भिंतीवर होतं. खाली तणनाशकाच्या बाटल्यांची रांग. तिचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, पहिला वर्ग, सगळं नीट वाचता येत होतं.

"ही मुलगी..." मी म्हटलं.

"व्हय, तुमचीच की!" त्याला अभिमान वाटत होता. "म्हनून तर डोळे झाकून डिग्री घेतली. बाजारात बघा तुमी, तिकडच्या दुकानात पवाराच्या पोराची लावलीय, चौकात त्या शेख मास्तरच्या पोरीची हाय. सगळी तुमच्या हातची. मॅडम, एक काम व्हतं. माज्या मेव्हन्याला बी लायसन काढायचंय. तुमच्या बघन्यात एखादं ॲग्री झालेलं पोरगं असंल तर सांगा की. चांगल्या घरचं, कटकट न करनारं."

नियम त्यानं केला नव्हता आणि नोकऱ्या त्यानं बंद केल्या नव्हत्या. मी चहा प्यायले. तो चांगला होता. घरी येताना पवारच्या पोराची आणि शेख मास्तरांच्या मुलीची प्रमाणपत्रं लावलेली दुकानं वाटेत लागली, पण मी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं चालत आले. त्या भिंती मला बघायच्या नव्हत्या.

यंदा वैशालीचा भाऊ आकाश बारावी झाला. बहिणीसारखेच गुण. तो आता चाकणकडं एका कारखान्यात कंत्राटी कामाला आहे, बारा तास उभा राहतो, ते नंतरचं. मला सांगायचंय ते जूनमधल्या त्या सकाळचं, जेव्हा लिंबाजी त्याला घेऊन माझ्या ओसरीवर आले. लिंबाजी खूप वाळले होते. पांढरा सदरा घातला होता. आकाश आत यायलाही तयार नव्हता, पायरीवर उभा राहिला, मोबाइल हातात, चेहरा दगडासारखा.

"मॅडम, ह्येचं बी बघा," लिंबाजी म्हणाले. "त्यो न्हाय म्हनतो. तुमी समजावून सांगा. तुमी सांगितलं म्हंजी ऐकंल."

आकाश पायरीवरूनच म्हणाला, "मला न्हाय शिकायचं. ताईनं शिकून काय झालं ते घरातच हाय."

"गप बस," लिंबाजी म्हणाले. "मॅडमनी ताईला कवा चुकीचं सांगितलं न्हाय."

त्यांनी ते मनापासून म्हटलं. त्यांनी मला एकदा तरी दोष दिला असता, एकदा तरी म्हटलं असतं की तुमच्या नादानं पोरीची उमेदीची वर्षं गेली, तर मला बोलायला काही मिळालं असतं. आकाशला शिक म्हणावं, तर कशाच्या भरवशावर? शिकू नको म्हणावं, तर ज्या मुलीला पाटलांचा नातू मॅडम म्हणाला तिच्या बापासमोर मी ते कुठल्या तोंडानं म्हणणार होते? मी पोराकडं बघितलं, बापाकडं बघितलं. इतक्या वर्षांत, इतक्या घरांसमोर, मी कधीच जे बोलले नव्हते ते माझ्या तोंडून आलं.

"लिंबाजीभाऊ, मला माहीत नाही."

त्यांना ऐकू आलं नाही असं वाटलं, म्हणून मी पुन्हा म्हटलं, "आता मुलांना काय सांगावं, ते मला खरंच माहीत नाही."

आकाशनं मोबाइलवरून मान वर केली. लिंबाजी रागावले नाहीत, रडले नाहीत. शिकलेल्या माणसाला एखादी गोष्ट माहीत नसते हे त्यांना अशक्य वाटत नव्हतं. टायरचं एखादं काम त्यांनाही जमायचं नाही, तेव्हा ते ट्रकवाल्याला सोलापूरच्या दुकानाचा पत्ता द्यायचे. त्यांनी सदऱ्याच्या बाह्या सरळ केल्या आणि अगदी शांतपणे मला विचारलं,

"बरं. मग ज्याला माहीत हाय त्याचं नाव सांगा, मॅडम. कितीबी लांब असू द्या, म्या जातो."